सुट्टीच्या दिवसाची गोळी

पहाटे साडेचारला गोठ्यात चांदी रेकली की रंभाबाईला जाग यायची. जाग यायची, पण उठणं व्हायचं नाही. रात्रभर कुणी मनगटांत आणि बोटांत ओलं सिमेंट भरून ठेवावं आणि पहाटेपर्यंत ते आळून यावं, तसे हात झालेले असायचे. मूठ वळायची नाही. पांघरूणसुद्धा कोपरानं बाजूला सारायचं. मग भिंतीला पाठ लावून ती बसून राहायची, सून करिष्मा गरम पाण्याची बादली आणून ठेवेपर्यंत. कोजागिरी नुकतीच झाली होती आणि पहाटेच्या हवेला धार आली होती. पाण्यात हात बुडवून अर्धा तास गेला की आधी करंगळी हलायची, मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा सगळ्यात शेवटी. आणि धार काढायला अंगठ्याशिवाय चालत नाही.

तोवर चांदी दाव्याला हिसके देत असायची. पहिलारू म्हैस, गणपती उठल्यावर व्यालेली, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. रंभाबाईशिवाय कुणी कासेला हात लावला की लाथ झाडायची, नाही तर दूध चोरून घ्यायची. सड पिळून पिळून माणूस घामाघूम, बादलीत पावशेर फेस. रंभाबाईलाही ती धीरानंच पान्हा सोडायची. आधी पाठीवरून हात, मग कानाशी दोन शब्द, मग पारडीला क्षणभर पाजायचं, मग हळूच बसायचं. हे तिला सासूनं शिकवलं होतं, अडतीस वर्षांपूर्वी, याच जागी.

तेव्हा चिखली म्हणजे गाव होतं. रंभाबाई सतरा वर्षांची नवरी होऊन आली तेव्हा दारातून इंद्रायणीपर्यंत नजर अडायची नाही. नदीकडेला कांदा, वर ज्वारी, गोठ्यात सात म्हशी. सासरा सायकलला किटल्या बांधून पिंपरीच्या कॉलनीत दूध घालायला जायचा आणि परतताना बर्फाचा तुकडा पोत्यात गुंडाळून आणायचा, सुनेला लिंबाचं सरबत करायला. आता कांद्याच्या वावरात अकरा मजल्यांच्या इमारती आणि ज्वारीच्या वावरात भंगाराची गोडाऊनं. घर, गोठा आणि पुढचं चार गुंठ्यांचं अंगण तेवढं उरलं होतं. म्हशी दोन. म्हातारी गंगी आटलेली, आणि ही चांदी. सोसायटीतले पुरुष गोठ्याच्या वासाविरुद्ध अर्ज महापालिकेत देत आणि त्यांच्याच बायका सकाळी सातला किटली घेऊन दारात उभ्या राहत.

हात गेले तर चांदी जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. रंभाबाईला तर ते झोपेतसुद्धा कळत होतं. बोलून दाखवलं ते मुलानं, प्रीतमनं. तो चाकणच्या कंपनीत लाईनवर होता. म्हणाला, आई, किती दिवस असं रडत धार काढणार, देऊन टाकू. ती म्हणाली, रडत काढते ती मी, तुला काय पीळ पडला. विषय तिथं संपला नव्हता.

दुखणं दोन वर्षांचं. आधी हाडांच्या डॉक्टरकडे गेले, त्यानं वयाची झीज म्हणून कॅल्शियम दिलं. मग कुणीतरी आळंदीच्या वाटेवरच्या एका पुडीवाल्याचं नाव सांगितलं. पांढऱ्या पुड्या, मधातून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी रंभाबाईनं मूठ वळवून शेजारणींना दाखवली होती. सहा महिन्यांनी चेहरा फुगून परातीसारखा झाला, साखर वाढली, जरा कुठं लागलं की अंगावर निळे डाग. घाबरून घरच्यांनी पुड्या एका दिवसात बंद केल्या आणि ती अशी आडवी झाली की पंधरा दिवस तिला संडासला दोघांनी धरून न्यावं लागलं. त्या पंधरा दिवसांची भीती तिच्या मनात घर करून राहिली. आपण तक्रार केली, औषध बंद झालं, आणि हात परत लाकूड झाले, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

दसरा झाल्यावर प्रीतम तिला चिंचवडला सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला होता. बाईंनी बोटाचा एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त काढायला लावलं, आणि समजावून सांगितलं की अंगात राखण करणारी फौज असते, ती बाहेरच्या रोगाशी लढायची सोडून आपल्याच सांध्यांवर उलटली आहे. पुड्यांत स्टेरॉइड असणार, म्हणून लगेच बरं वाटलं आणि म्हणून ते एकदम तोडणं जिवावर बेतलं. आता देते ती पिवळी गोळी हळू काम करते, दोन-तीन महिने धीर धरा. ही आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जीव जाईल. हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि प्रीतमकडून वदवून घेतलं. मग विचारलं, कोणता दिवस लक्षात राहील? प्रीतम म्हणाला, सुट्टीचा, मी घरी असतो. बाईंनी मान हलवली आणि तसंच लिहिलं.

प्रीतमचं काम चोख. रविवारी अंघोळ झाली की कपाटातली पट्टी काढायची, एक गोळी आईच्या तळहातावर ठेवायची, ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाही, आपल्या मोबाईलमध्ये खूण करायची.

दीड महिन्यानं परत दाखवायचं होतं, तर त्याच्या कंपनीत ऑडिट निघालं आणि रजा मिळेना. तेव्हा उद्धवराव गेले. रंभाबाईचे मालक. माणूस शांत, कमी बोलणारा. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेली, रिटायर झाल्यावर त्याच गल्लीत एका शेडवर वॉचमन. बाईंनी रिपोर्ट बघितला, म्हणाल्या, औषध सोसतंय, पण सूज अजून आहे, गोळी वाढवते. आधीची पट्टी बंद, ही जास्त ताकदीची, पहिल्यासारखीच सुट्टीच्या दिवशी एकच. उद्धवरावांनी खाली दुकानातून पट्टी घेतली आणि आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवली.

भोसरीला सुट्टी गुरुवारची. पूर्वी त्या दिवशी कारखान्यांची लाईट जायची, तेव्हापासूनची. एकतीस वर्षं उद्धवरावांनी केस गुरुवारी कापले, लाईटबिल गुरुवारी भरलं, प्रीतमसाठी मुलगी बघायला गेले ते गुरुवारी. रविवार त्यांना सोमवारसारखाच. त्या गुरुवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः दूध कोमट केलं आणि रंभाबाईला गोळी दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी तिच्यासाठी दूध तापवल्याची ती पहिलीच वेळ असावी. तिला बरं वाटलं.

इकडे प्रीतमनं फोनवर विचारलं होतं, काय म्हणाल्या मॅडम? गोळी वाढवली, असं करिष्मानं सांगितलं आणि चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्यानं येता येता चाकणला दुकानात तो दाखवून मोठ्या ताकदीची पट्टी घेतली, जुनी फेकून दिली आणि रविवारी, नेहमीसारखी, आईच्या तळहातावर ठेवली.

रंभाबाईनं दोन्ही घेतल्या. गोळी वाढवली म्हणजे एकीच्या दोन झाल्या, यात न कळण्यासारखं काय होतं. मालक एक देतात, पोरगा एक देतो.

आणि हात सुटले. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे तिनं बादलीतल्या पाण्यात हात घालायच्या आधीच अंगठा हलला. ती घाईघाईनं गोठ्यात गेली. चांदीच्या पाठीवरून हात फिरवला, कानाशी बोलली, बसली. चारही सड, भरल्या मुठीनं. बादलीच्या तळाला धार लागली आणि तो आवाज तिनं कितीतरी दिवसांनी ऐकला, बारीक चिरचिर नव्हे, भरघोस. फेस कडेपर्यंत आला. करिष्मा दारात उभी होती. तिला रंभाबाई म्हणाली, "बघ गं. हे माझं हात."

त्याच दिवशी दुपारी भाकरीचा घास घेताना गालाच्या आत आग झाली. तिनं आरशात पाहिलं. जिभेच्या कडेला आणि ओठाच्या आत पांढरे फोड. दुसऱ्या दिवशी जास्त. तिनं दुधात भाकरी कुस्करली, मग नुसतं दूधच घेतलं. करिष्मानं विचारलं तर म्हणाली, मार्गशीर्ष आहे, उपास धरलाय. गुरुवारचा उपास सोमवारी कसा, हे सुनेनं विचारलं नाही; सासूच्या उपासात कोण बोलणार. फोडांचं सांगितलं तर गोळी बंद होईल, आणि गोळी बंद झाली की हात. रंभाबाईनं तोंड मिटून घेतलं. थुंकीत रक्त यायला लागलं तेव्हा ती गोठ्यातच चूळ भरायला लागली, शेणात कळत नाही म्हणून.

मग ताप आला. तापातही दोन दिवस ती धारेला बसली. तिसऱ्या पहाटे तिनं चांदीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि ते उचललंच नाही. करिष्मा किटली घ्यायला आली तेव्हा बादली लवंडलेली, दूध दावणीखाली वाहत गेलेलं, आणि म्हैस मात्र एकही पाय न हलवता उभी.

चिंचवडच्या इस्पितळात तिला काचेआडच्या खोलीत ठेवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टरीणबाई आल्या, तिच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं, बाहेर आल्या आणि बापलेकांसमोर उभ्या राहिल्या. एकच प्रश्न विचारला, गोळी कोणत्या वारी देता?

"गुरुवारी," उद्धवराव म्हणाले.

"रविवारी," प्रीतम म्हणाला.

दोघं एकदमच बोलले होते. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. आधी त्या चिडल्या. घरात दोन पट्ट्या आहेत हे कुणाला दिसलं नाही का, दीड-दोन महिने मी एवढं ओरडून सांगत होते. मग म्हणाल्या, चूक माझीही आहे. मी वार लिहायला हवा होता, सुट्टीचा दिवस लिहिला. तुमच्याकडं दोन सुट्ट्या असतात हे मला ठाऊक असायला हवं होतं, जन्म इथंच गेलाय माझा. एवढं बोलून त्या आत गेल्या, औषधाचा उतारा सुरू करायला.

बाहेर बाकावर बापलेकांचं लागलं. आवाज खाली ठेवून, इस्पितळातली माणसं भांडतात तसं.

"सुट्टी म्हणजे रविवार, आण्णा. अख्ख्या जगाची."

"जग काय चाकणला ऱ्हातंय व्हय? भोसरीत जाऊन बघ रविवारी. भोंगा वाजतोय."

"एकदा विचारायचं तरी."

"तू इचारलंस?"

दोघांनी मिळून चहा घेतला आणि तो तसाच गार केला.

इकडे गोठ्यात चांदी रेकत होती. दोन वेळा शेजारच्या समाधाननं प्रयत्न केला. त्याचा स्वतःचा गोठा, हात जुना, पण तिनं त्याच्या मांडीवर लाथ घातली. पाय बांधून काढायला गेले तर दूध चढवून घेतलं. करिष्मानं सासूचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून पाहिलं. चांदीनं लुगड्याचा वास घेतला, करिष्माकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पारडीला एकटीला ते दूध संपेना. सातव्या दिवशी कासेचा एक कोपरा दगडासारखा लागायला लागला. ढोरांचा डॉक्टर म्हणाला, दगडी होतेय, रोज पूर्ण पिळलं नाही तर सड जाईल.

रंभाबाई चार दिवस गुंगीत होती. पाचव्या दिवशी डोळे उघडले ते तिनं आधी चांदीचं विचारलं. करिष्मानं काचेपलीकडून फोनवर सांगितलं, बरी हाय, आत्या. असं ती रोज सांगत राहिली. आठव्या दिवसापासून ते सांगताना ती काचेतून दुसरीकडे बघायला लागली.

अकराव्या दिवशी घरी आणलं. रिक्षातून उतरल्यावर रंभाबाई घरात गेली नाही, भिंतीला धरून गोठ्याकडे वळली. गंगी रवंथ करत होती. तिच्या शेजारचा खुंटा होता, दावं नव्हतं. पारडीचंही नव्हतं. जमीन झाडून, वर पाणी मारून ठेवलेली. एवढी स्वच्छ जागा त्या गोठ्यात कधी नव्हती.

उद्धवराव मागे येऊन उभे राहिले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. कासेचं, समाधानच्या मांडीचं, ढोराच्या डॉक्टरचं. खेडच्या अंगाची चांगली माणसं होती, पारडीसकट नेली. प्रीतमनं अर्ध्या दिवसाची रजा टाकून शनिवारच्या चाकणच्या बाजारात नेली होती, घोडेगावच्या वाटेचा व्यापारी जास्त देत होता, पण तो पुढं कापायला धाडेल म्हणून त्याला दिली नाही. सगळं नीट ऐकून घेतल्यावर रंभाबाई म्हणाली, "मला इचारायचं न्हाई?"

"तू शुद्धीत न्हवतीस."

"चार दिस न्हवते. म्होरलं सहा दिस?"

उद्धवरावांनी खुंट्याकडे पाहिलं. म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू उठून आली असतीस. हे खरं होतं, म्हणून तिला त्याचा जास्तच राग आला. तिनं प्रीतमला त्या दिवशी काहीच विचारलं नाही. तो कामावरून आल्यावर समोर बसून राहिला, जेवला, परत बसला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. किटली घेऊन आलेल्या सोसायटीच्या बायकांना करिष्मानं परत पाठवलं. त्यांतली एक म्हणाली, बरं झालं हो, तुमच्यामागचा त्रास गेला. रंभाबाईनं ते आतून ऐकलं.

औषध बंद होतं. रक्त सुधारेपर्यंत काहीच द्यायचं नव्हतं. तोंडातले फोड सुकले, भाकरी खाता यायला लागली, आणि जसजशी भाकरी खाता यायला लागली तसतसे हात परत लाकूड होत गेले. पौषात मनगटं सुजून कणसासारखी दिसायला लागली. उजव्या हाताची दोन बोटं करंगळीच्या बाजूला कलली. पदर खोचता येईना. वेणी करिष्मा घालायची. वाटीतली आमटी पिताना वाटी दोन्ही तळहातांत धरावी लागे, लहान मुलासारखी. आता पहाटे कुणी रेकत नव्हतं तरी साडेचारला जाग यायचीच, आणि मग उजाडेपर्यंत करायला काही नसायचं. गंगीला वैरण टाकायला उद्धवरावच जात.

घरात दोन पक्ष पडले होते आणि दोघांनीही तिला विचारलं नव्हतं. उद्धवरावांनी एके दिवशी खिशातून कागदाच्या दोन पुड्या काढून तिच्या उशाशी ठेवल्या. म्हणाले, निदान मूठ तरी वळंल, त्या गोळीनं तर मारलीच असती. प्रीतमनं त्या उचलून मोरीत टाकल्या. त्याचं म्हणणं, गोळीही नको आणि पुडीही नको, गरम पाणी, तेल, आणि आता काम काय आहे तिला, बसून खावं. काम काय आहे तिला, हे तो तिच्यासमोर बोलला. बोलल्यावर त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो लगेच उठून बाहेर गेला आणि गाडी पुसत बसला.

संक्रांत झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. या वेळी दोघंही बरोबर आले, रजा टाकून, आणि दोघांच्या मधे रंभाबाई बसली. बाईंनी रिपोर्ट वाचला. रक्त पूर्ववत झालं होतं. मग त्यांनी तिची बोटं हातात घेतली, त्या दोन कललेल्या बोटांवर जरा जास्त वेळ थांबल्या, आणि सरळ सांगितलं. औषधाविना हे थांबणार नाही, आणि सांधा एकदा वाकून बसला की कुठल्या गोळीनं सरळ होत नाही. मार्ग दोन. एक तीच पिवळी गोळी, कमी ताकदीची, आठवड्यात एकदाच, आणि दर पंधरा दिवसांनी रक्त. तुम्हांला ती लागू पडते हे आपण पाहिलंय. चूक गोळीची नव्हती. दुसरा मार्ग, ही नकोच असेल तर वेगळी गोळी आहे. तिची एवढी भीती नाही, पण जोरही एवढा नाही. बोटं वाचतील याची मी खात्री देत नाही.

उद्धवराव म्हणाले, ती पिवळी सोडून कायबी द्या. प्रीतम म्हणाला, मॅडम, आम्हांला आता रिस्क नको, वेगळीच द्या. पहिल्यांदाच बापलेकांचं एकमत झालं होतं.

बाईंनी दोघांना हातानं थांबवलं. "मी यांना विचारतेय."

रंभाबाईला ते आधी कळलंच नाही. दोन वर्षांत इतक्या डॉक्टरांसमोर बसली, पण प्रश्न नेहमी तिच्या डोक्यावरून जायचा, बरोबर आलेल्या माणसाकडे. तिनं आपले हात मांडीवर उलटे ठेवले आणि पाहिले.

"पिवळीनं मूठ वळंल?"

"वळली होती. पुन्हा वळेल असं मला वाटतं. तीन महिने लागतील."

"आन तोंडात फोड आलं तर?"

"तर त्याच दिवशी मला सांगायचं. लपवायचं नाही. मी लगेच बंद करून बसणार नाही, आधी बघेन. हे मी तुम्हांला कबूल करते."

रंभाबाईनं मान हलवली. "तीच द्या."

बाईंनी चिठ्ठी पुढे ओढली. या वेळी मराठीत लिहिते म्हणाल्या, म्हणजे तुम्हांला वाचता येईल. रंभाबाई चौथी शिकली होती. पेन कागदावर टेकवून बाईंनी विचारलं, वार कोणता लिहू?

प्रीतमनं तोंड उघडलं. उद्धवरावांनीही. दोघांनी मिटलं.

"शनिवार," रंभाबाई म्हणाली.

"शनिवारी कुणाची सुट्टी असते?"

"कुणाची न्हाई. शनिवारी चाकणला जनावरांचा बाजार भरतो."

बाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी शनिवार लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि खाली रेघ मारली. प्रीतम फरशीकडे बघत होता. त्याची मान लाल झाली होती.

खालच्या दुकानात पट्टी घेतली. प्रीतमनं ती घ्यायला हात पुढे केला, सवयीनं, आणि दुसऱ्या बाजूनं उद्धवरावांनी डब्याची पिशवी उघडून धरली. रंभाबाईनं दुकानदाराच्या हातून पट्टी स्वतः घेतली. पदराचं टोक काढलं, त्यात ती ठेवली आणि गाठ मारायला लागली. बोटं वाकत नव्हती. एकदा सुटली, दोनदा सुटली. मागे माणसं खोळंबली होती, कुणीतरी म्हणालं, मावशी, बाजूला व्हा की. ती बाजूला झाली नाही. बापलेक दोन्ही अंगांना उभे होते, मदतीला पुढे आलेले हात तसेच अधांतरी धरून. तिनं कललेल्या बोटांनी पदराचं टोक दाबून धरलं, दुसरं टोक दातांत पकडलं आणि गाठ आवळली.

"चला," ती म्हणाली.